आत काय ओतलंय?

मुकादम हा माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन अशी आशा कुणी लावून बसायला नको. त्याचा उजवा हात माझ्यामुळे भाजला, त्यापायी मी पाच आठवडे त्याच्या हाताखाली लोकांच्या मोऱ्या उपसल्या, आणि तरीही आज तो समोरून आला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्याच्या तर जन्मापासूनच पडलेल्या आहेत.

मुकादम हे काही त्याचं आडनाव नव्हे. तो प्लंबर. नळ, टाक्या, पाइप सगळं करायचा, पण त्याची खरी ख्याती तुंबलेल्या मोऱ्यांची, त्यातही केसांनी तुंबलेल्या. घरात शिरला की घरच्यांनाच कामाला लावायचा, म्हणून आमच्या गल्लीने त्याला हे नाव दिलं होतं. "बादली आणा. ही नाही, मोठी. दिवा लावा. पायपुसणं उचला. तुम्ही नुसते उभे का? वरच्यांना नळ बंद करायला सांगा." कितीही मोठा साहेब असो, पाच मिनिटांत तो बादली धरून उभा असायचा. माणूस उंचीला बेताचा, अंगाने काटक, गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधलेले, आणि बोलायचं ते सगळं आपल्याकडे पाठ करून. मोरीत डोकं घालून तो जे बोलायचा ते फरशीवर आपटून आपल्यापर्यंत यायचं, म्हणून जास्तच लागायचं.

दारात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आत काय ओतलंय?"

ॲसिड, पावडर, बाजारात मिळणारं कसलं कसलं औषध, यातलं काही ओतलं असेल तर तो पायातली चप्पलही काढायचा नाही. "पाइपाला औषध पाजलंत ना? मग त्याला गुण येऊ द्या. मी उद्या येतो." हे तो अशा आवाजात म्हणायचा की जिन्यातल्या प्रत्येक घराला कळावं. ओतलं नसेल तर आत यायचा, जाळी उचलायचा, हात घालायचा, आणि जे निघेल ते दारातच वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडायचा. साबणाने लडबडलेले, काळेकरडे, उंदरासारखे केसांचे गोळे. मग घरातल्या सगळ्यांना बोलावून घ्यायचा. "बघा. हे तुमचं." आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही जगाची रीत. हा मात्र दुसऱ्याचं वाकून बाहेर काढायचा आणि त्यालाच दाखवायचा. एका टकल्या गृहस्थांनी "आमच्या घरात केसच नाहीत" असं छातीठोकपणे सांगितलं, तर तासाभराने त्याने त्यांच्यापुढे निम्मा कुत्रा मांडून ठेवला. "याला आंघोळ कोण घालतं?" एवढंच विचारलं. ते गृहस्थ पुढे वर्षभर आमच्या गल्लीने जात नव्हते.

माझं आणि त्याचं वाकडं मात्र माझ्या धंद्यामुळे आलं. आमचं घर चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. पुढच्या खोलीत मी पार्लर चालवते. एक खुर्ची, एक मोठा आरसा, डोकं धुवायचं एक बेसिन. बेसिनचं पाणी आमच्या बाथरूमच्या मोरीत जातं, आणि तिथून वरच्या तीन घरांच्या पाण्याबरोबर एकाच पाइपाने मागच्या चेंबरमध्ये. हा पाइप पुढे कुठेही तुंबला की पाणी वर चढायला पहिलं घर सापडतं ते तळमजल्याचं. म्हणजे घाण चौघांची, पण वर येणार माझ्या मोरीत. आणि माझ्या घरात तर कात्री चालते. मग काय, वरच्यांना पुरावा लागतोच कशाला.

मी काही गबाळी नव्हे. केस कापले की लगेच झाडून गोणीत भरायचे, बेसिनला बारीक जाळी, मोरीला दुसरी जाळी. तरीही वर्षात तीनदा पाणी चढलं आणि तीनदा मुकादम आला. पहिल्याच वेळी त्याने मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरलं. सगळी इमारत भोवती जमली. दुसऱ्या मजल्यावरची बाई नाक मुरडून म्हणाली, "पार्लरचेच असणार." मी मुकादमाकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं हे कुणाकुणाचे आहेत. तो म्हणाला, "केस आहेत." बस्स. तेवढंच बोलून हात धुवायला गेला. निघताना माझ्या गिऱ्हाइकांदेखत मला सुनावून गेला, "बाई, डोकं धुवायच्या आधी कोरडं असताना विंचरायचं. गळायचे ते कंगव्यात गळू द्या. एकदा भिजलेला केस जाळीला जुमानत नाही." खुर्चीत बसलेली बाई हसली. मला तो कंगवा त्याच्या कानात खुपसावासा वाटला.

तिसऱ्या खेपेनंतर इमारतीच्या समितीचं पत्र आलं. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहायचे, पण पत्र त्यांनी टपालाने पाठवलं, म्हणजे वजन पडावं. पुन्हा एकदा तळमजल्यावर पाणी तुंबलं तर निवासी जागेत चाललेला धंदा बंद करावा लागेल. माझे हे एका गोदामात नोकरीला, त्यांच्या पगारात घर जेमतेम निम्मं चालतं. उरलेलं निम्मं त्या एका खुर्चीवर. सासूबाई पत्र वाचून म्हणाल्या, "आता मोरीला हात जोडून बसायचं रोज."

त्या पत्राला महिना झाला नसेल. एका मंगळवारी सकाळी मी मोरीत पाण्याचा मग ओतला आणि पाणी तसंच उभं राहिलं.

मुकादमाला बोलवायचं म्हणजे जिन्यात आरडाओरडा, अंगणात वर्तमानपत्र, आणि वरून वाकून बघणारे अध्यक्ष. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोरी साफ करायच्या पावडरचे दोन डबे आणले. डब्यावर लिहिलं होतं एक चमचा. मी दोन्ही डबे रिकामे केले. हे करताना मी केस रंगवायचे हातमोजे घातले होते, हे मुद्दाम सांगते. म्हणजे मला कळत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

पाणी गरम झालं, बुडबुडे आले, वास आला. खाली मात्र थेंब गेला नाही.

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. नाही म्हणून परत पाठवावं तर ती दुसऱ्या मजलेवालीची बहीण, लगेच वर जाऊन सांगितलं असतं. बादलीत धुऊ म्हटलं आणि तिच्या डोक्याला रंग लावला. रंग धुवायला अर्धा तास. तेवढ्यात बेसिनमधूनही गुडगुड ऐकू यायला लागली. माझा धीर सुटला आणि मी मुकादमाला फोन केला. तो बाजूच्याच इमारतीत होता. दहा मिनिटांत दारात.

"आत काय ओतलंय?"

मागे खुर्चीत ती बहीण बसलेली. पॅसेजमध्ये स्टुलावर सासूबाई. दार उघडं, वर जिना.

"काही नाही," मी म्हणाले. "सकाळी गरम पाणी टाकलं होतं थोडं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. मुकादमाने मात्र काही हुज्जत घातली नाही. नेहमीसारखा चप्पल काढून आत गेला, गुडघे टेकले, बाही वर केली. मला वाटलं, कसं ठणकावून सांगितलं, पटलं बरोबर. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

मोरीच्या तळाशी एक वाटी असते, तिच्यात पाणी साठून राहतं आणि वास वर येत नाही. ती वाटी फिरवून काढायची म्हणजे मनगट बुडेपर्यंत हात आत जातो. तो हात घालून चाचपत राहिला. वाटी चिकटून बसली होती, पावडरीचा दगड झाला होता तिथे. मिनिटभर गेलं असेल. मग तो थांबला. हात बाहेर काढला आणि अंगठा बोटांवर चोळून बघितला.

"साबण नाही हा," तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाठ करून बोलणारा माणूस पहिल्यांदा तोंड करून बघत होता. उठला, स्वयंपाकघरात गेला आणि नळाखाली हात धरला. अर्धा तास धरून उभा होता. मी मलम आणलं, तो म्हणाला, "पाणी. दुसरं काही नाही." तळव्याची कातडी आधी पांढरी पडली, मग लाल, मग नको ते. पुढच्या खोलीतली बहीण ओरडत होती, रंग जास्त झाला म्हणून. तिचं डोकं शेवटी सासूबाईंनी अंगणात धुतलं.

माझे हे गोदामातून धावत आले आणि पावडरचे रिकामे डबे बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात घेऊन गेले. दार लागल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "खोटं बोललीस तर बोललीस. तुझे हातमोजे तरी द्यायचेस त्याला." मग थोड्या वेळाने, जास्तच हळू, "मी तरी कुठे तोंड उघडलं."

तुंबलेलं तुंबलेलंच होतं. मोरीवर पाट ठेवून आम्ही शेजारच्या इमारतीत आंघोळीला जात होतो. तिसऱ्या दिवशी मुकादम हाताला हे एवढं बँडेज बांधून आला. माझ्या घरात पाय ठेवला नाही. मागचं चेंबर उघडलं, डाव्या हाताने पाइपात स्प्रिंगची लांब तार सरकवली आणि आमच्या ह्यांना मुठीने फिरवायला लावलं. तासाभराने पाइप मोकळा झाला, माझ्या मोरीतलं पाणीही घोट घेतल्यासारखं खाली गेलं. मुकादमाने वर्तमानपत्र पसरलं आणि अध्यक्षांना खाली बोलवायला सांगितलं. मी मागच्या दाराआड उभी होते. मनात म्हटलं, झालं. आता हा माझा हिशेब चुकता करणार, आणि करायलाच हवा.

अध्यक्ष आले, बरोबर दुसऱ्या मजलेवाली. "पार्लरचेच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

मुकादमाने डाव्या हाताने एक केस ओढून उजेडात धरला. "कात्रीने कापलेल्या केसाला मूळ नसतं. दोन्ही टोकं सारखी. हा बघा, याच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. हा मुळासकट गळालाय, आंघोळ करताना. यातले बहुतेक असेच. रंगवलेले आहेत थोडे, ते हिच्या बेसिनचे, पाव हिस्सा म्हणा. बाकीचे तुमचे. हे लांब पांढरे तुमच्या घरातले, हे कुरळे यांच्या."

दुसऱ्या मजलेवालीने केसांवरून पदर घेतला.

"म्हणजे तुम्ही तिची बाजू घेताय," अध्यक्ष म्हणाले.

"मी पाइपाची बाजू घेतोय. तिने केस टाकले नाहीत. तिने दोन डबे पावडर टाकली आणि नाही म्हणून सांगितलं." त्याने बँडेज बांधलेला हात वर केला. "त्याचं मी बघून घेईन. तुम्ही आपापल्या मोरीला जाळ्या बसवा. आठवड्याला उचलून साफ करा. तोंडाने साफ होत नाही ती."

पार्लर वाचलं. समितीने मजल्यामजल्यावर जाळ्या बसवल्या. पण तेव्हा दाराआड उभी राहून ऐकताना मला एकच गोष्ट कळत होती. मी खरं सांगितलं असतं तरी तो ओरडला असता, निघून गेला असता, दुसऱ्या दिवशी आला असता, आणि अध्यक्षांना हेच सांगितलं असतं. माझं खोटं कुणाच्याही कामाचं नव्हतं.

मी त्याच्या घरी गेले. एक खोली, तो आणि त्याची थोरली बहीण. ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती, पन्नाशीच्या माणसाची, आणि तो छताकडे बघत उभा होता. मी दवाखान्याच्या खर्चाचं बोलले. तो म्हणाला, "ते तुमच्या नवऱ्याने दिलंय." मी म्हटलं, बुडालेल्या कामाचंही देईन. बहीण म्हणाली, "पैसे घेऊन हा घरी बसला तर मला वेड लागेल. आणि गिऱ्हाइकं काय थांबतात? दुसरा धरतील."

मुकादम म्हणाला, "मला हात हवाय. उजवा. तुझा दे."

तोवर तो मला तुम्ही म्हणायचा. त्या दिवसापासून तू. मीही ऐकून घेतलं.

सकाळी आठ ते अकरा मी त्याच्याबरोबर जायचं, अकरानंतर पार्लर. डॉक्टर म्हणतील तोपर्यंत. गल्लीत लोकांना आयतीच करमणूक झाली. काल त्यांच्या भुवया कोरणारी बाई आज त्यांच्या मोरीत कोपरापर्यंत. सासूबाईंनी मला त्यांचे जुने कपडे काढून दिले आणि म्हणाल्या, "जा. भोग आता."

त्याच्यासारखा वाईट शिक्षक मी पाहिला नाही. "ओढू नकोस. ओढला की तुटतो, आणि अर्धा आत राहतो. गुंडाळ. आकडा आत घाल, फिरव, फिरव, आता काढ. शाबास म्हणणार नाही मी, वाट बघू नकोस." हातमोजे घालून केस हाताला लागत नाहीत, म्हणून ते काढायला लावायचा. कुठे साबणाचा थर चढला की केस पकडतो, कुठे पाइप वळतो आणि गोळा बसतो, हे त्याला भिंतीवर टिचकी मारून कळायचं. मला पहिल्या आठवड्यात तीनदा ओकारी आली. तो म्हणायचा, "ओक, पण बादलीत. मोरीत नको, पुन्हा तुलाच काढायचंय."

मी पण काही मुकी नव्हे. दुसऱ्या आठवड्यात एका जिन्यात त्याला धरलाच. "लोक तुमच्याशी खोटं का बोलतात ठाऊक आहे? तुमच्या जिभेमुळे. चार घरांना ऐकू जाईल असं ओरडता. माणूस भितो. नीट विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

तो पायरीवर थांबला. "जीभ माझी. हात पण माझा. पावडर कुणाची?"

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"बरं," तो म्हणाला, "उद्यापासून तू विचार. गोड विचार."

मी गोड विचारलं. दारात हसून, ताई, काका, मावशी म्हणून. "काही ओतलंय का हो आत? नाही, रागवायला नाही, आम्हाला काळजी घ्यायला बरं." आठ घरांनी खरं सांगितलं, दोघांनी तर चहा दिला. मी मुकादमाकडे मान वर करून बघायचे. नवव्या घरी एक निवृत्त मास्तर होते. इतके गोड की विचारू नका. "छे छे, बेटा, मी कशाला काही ओतीन?"

मुकादमाने पिशवीतून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा नखाएवढा तुकडा काढला आणि मोरीतल्या पाण्यात टाकला. मग भिंतीला टेकून उभा राहिला. हे तो प्रत्येक घरी करायचा. पावडरीच्या पाण्यात तो तुकडा पडला की त्याच्या अंगातून बारीक बारीक बुडबुडे सुटतात. साध्या पाण्यात तसाच पडून राहतो. ॲसिडचा संशय असेल तर तो चिमूटभर खायचा सोडा टाकून बघायचा. समोरच्याने कितीही शपथेवर नाही म्हटलं तरी दोन मिनिटं तो त्या पाण्याकडे बघत थांबणार म्हणजे थांबणार. पहिल्या दिवसापासून मी हे बघत होते.

मास्तरांच्या मोरीत तुकडा फसफसायला लागला.

मुकादम मला म्हणाला, "गोड विचारलंस, गोड खोटं मिळालं." आणि मास्तरांना, जिना हादरेल असं, "काका, पाइपाला औषध पाजलंत ना? मग गुण येऊ द्या." त्या वेळी, सांगायला लाज वाटते, पण मीही पायऱ्या उतरताना मास्तरांना एक शिवी हासडली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं तर काही जळलंही नव्हतं.

उतरता उतरता डोक्यात एक गोष्ट अडकली ती अडकलीच. हा माणूस कुणाच्याही शब्दावर मोरीत बोट घालत नाही. मास्तरांच्या नाही, कुणा डॉक्टरांच्या घरी गेलो तर त्यांच्याही नाही. त्याच्या सख्ख्या मावशीकडे गेलो होतो, तिच्याही मोरीत त्याने तुकडा टाकला आणि ती रुसून बसली. मग माझ्याकडे?

"माझ्या घरी का नाही टाकलात?" मी विचारलं.

"विसरलो."

हा माणूस तार विसरत नव्हता, बादलीचा रंग विसरत नव्हता, तीन वर्षांपूर्वी कुणी काय ओतलं ते विसरत नव्हता. मी म्हटलं, "खोटं."

"तू मला खोटं म्हणू नकोस," तो म्हणाला. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी फक्त 'धर' आणि 'सोड' एवढंच बोलला.

पाचव्या आठवड्यात बँडेज सुटलं. तळवा गुलाबी, चमकता, ताणून बसवल्यासारखा. तीन बोटं वळत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं, ही दोन अर्ध्यात थांबायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता इतकंच वळायचं. त्या दिवशीचं शेवटचं काम एका रिकाम्या घरात होतं, नवे भाडेकरू यायचे होते. त्याने तार स्वतः हातात घेतली. मूठ पुरती मिटत नव्हती, तार निसटत होती, त्याने पकड बदलली, पुन्हा निसटली. मी पुढे झाले तर म्हणाला, "थांब तिथेच." पाऊण तास लागला. माझ्या हाताने दहा मिनिटांचं काम होतं. शेवटी काढला त्याने गोळा. घरात कुणी नव्हतं, तरी वर्तमानपत्र पसरून मांडला.

मग हात धुता धुता, नेहमीसारखी पाठ करून, बोलला.

"बाकीच्यांना काय कळतं? त्यांच्या लेखी पावडर म्हणजे पांढरी साखर. नाही म्हणतात तेव्हा त्यांना खरंच वाटत असतं की त्यात काय एवढं. त्यांचा मला रागही येत नाही फारसा. तू रोज रसायनांत हात घालतेस. कुठलं किती वेळ ठेवायचं, कशाने कातडी जाते, तुला पाठ आहे. मी तीनदा आलो तुझ्याकडे, तीनदा विचारलं, तू नाही म्हणालीस, नाहीच निघालं. म्हटलं, धंद्याचं माणूस आहे. धंद्याचं माणूस धंद्याच्या माणसाच्या हाताशी खेळत नाही." त्याने नळ बंद केला. "सगळ्या गावात एक घर होतं, जिथे मी बघत नव्हतो."

त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत दिली असती, तरी मी उलटून बोलले असते. मी माझा रुमाल पुढे केला, हात पुसायला. त्याने तो घेतला नाही. पँटला हात पुसले आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. हात चालतो."

सासूबाई म्हणतात, जाऊ दे, फिटलं तुझं. माझे हे म्हणतात, त्याची जीभ अजूनही तशीच आहे, तू कशाला मनाला लावून घेतेस. जीभ तशीच आहे हे खरं. परवा त्याने अध्यक्षांना भर अंगणात विचारलं, की जाळी बसवलीत ती शोभेला का. माझ्याही जाळीत त्याला खोट सापडते, माझ्या कंगव्यात सापडते, आणि मीही आता त्याला तोंडावर सांगते की तुमच्या दोन बोटांपेक्षाही तुमची जीभ कमी वळते. आमचं काही गोड झालेलं नाही.

फक्त आमच्या मोरीला काही झालं की येतो तोच. मी दार उघडते. समोरच्या घरी विचारतो, वरच्यांना विचारतो, सगळ्यांना दारातच विचारतो. मला काही विचारत नाही. सरळ आत जातो, पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढून पाण्यात टाकतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. मी काही ओतलेलं नसतं. हे त्याला सांगावं म्हणून मी तोंड उघडते आणि मिटते, आणि दोन मिनिटं होईपर्यंत आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत राहतो.